एका अक्षराचा फरक

श्रोतेहो, नमस्कार. बीआरसीए-वन हे जनुक आपल्या सगळ्यांकडे असतं. तुटलेला डीएनए सांधणं हे त्याचं काम. ते निकामी झालं, की स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. डीएनए 'ए', 'सी', 'जी', 'टी' या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो. पण त्यातलं एक अक्षर बदललं म्हणजे जनुक निकामी झालंच, असं नाही. पुन्हा सांगते, बदल म्हणजे बिघाड नव्हे.

१८१व्या जागी 'टी'चा 'जी' झाला, तर या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनात जस्ताला धरून ठेवणारं सिस्टीन, म्हणजे प्रथिनाचा एक घटक, जातं आणि प्रथिनाची घडीच मोडते. हा रोगकारकच. पण जनुक-तपासणीच्या कित्येक अहवालांत नुसतं 'व्हीयूएस', म्हणजे बदल घातक की निरुपद्रवी हे 'अनिश्चित', एवढंच येतं, आणि घर हवालदिल होतं.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली यावर काय केलं, ते ऐकाच. बदल असलेला रुग्ण सापडेपर्यंत थांबायचं कशाला? बदल आपणच करून बघू! त्यांनी हॅप-वन नावाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी घेतल्या. आपल्या पेशीत जनुकाच्या दोन प्रती; एक मोडली तरी दुसरी भागवून नेते आणि बिघाड झाकला जातो. हॅप-वनमध्ये प्रत एकच, आणि बीआरसीए-वन बंद पडलं की ही पेशी तगत नाही. क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्रानं जनुक कापायचं, दुरुस्तीसाठी एक अक्षर बदललेला साचा पुरवायचा. कोणता बदल किती पेशींत आहे, याची पाचव्या दिवशी मोजणी, अकराव्या दिवशी पुन्हा मोजणी. पाचव्याला असलेला बदल अकराव्याला गळाला, तर त्यानं जनुक मोडलं. टिकला, तर जनुक चालतंय. गळाला तर मोडलं, टिकला तर चालतंय. असे ३,८९३ बदल त्यांनी तोलले! काहींनी तर प्रथिनाच्या आधीच, आरएनएच्या, म्हणजे ज्यावरून प्रथिन बनतं त्या जनुकाच्या नकलेच्या, पायरीवर घात केला होता. पेशीतला आरएनएच घटला होता. नुसतं प्रथिन बघून अंदाज बांधणारी संगणक-प्रणाली इथेच फसते.

आणि हो, घरात कुणाला कर्करोग झाला हे डॉक्टरांना सांगण्यासाठी वंशावळ लिहिताना लोक आईकडचीच माणसं लिहितात. फार मोठी चूक आहे ही. हा बदल वडिलांकडूनही येतो. आत्या लिहा, वडिलांची आई लिहा.

'अनिश्चित' एवढ्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नका. तो कुटुंबाच्या इतिहासावरून, डॉक्टरांशी बोलून घ्यायचा. अहवालावरचा 'सी'पासून सुरू होणारा संकेत जपून ठेवा, आणि वर्ष-दोन वर्षांनी जनुकीय सल्लागाराकडून पुन्हा पडताळून घ्या. 'अनिश्चित'चा वर्ग पुढे बदलतो, आणि बदलला तर बहुतेक वेळा निरुपद्रवीकडेच.