उल्का, घड्याळ आणि रेडिओ

मित्रहो, उल्का पाहायला तीक्ष्ण नजर लागते असे सगळेच म्हणतात, परंतु नजरेइतकेच घड्याळही लागते, हे मला डिसेंबरातल्या एका रात्री उमगले. मिथुन राशीतल्या उल्कावर्षावासाठी आम्ही सात-आठ जण जुन्नरजवळच्या एका पठारावर घोंगड्या अंथरून उताणे पडलो होतो. विजेरीला लाल जिलेटिनचा कागद बांधलेला होता आणि डोळे अंधाराला सरावले होते. दोनच्या सुमारास पश्चिमेला, क्षितिजापासून जेमतेम २० अंशांवर, हिरवट झाक असलेला एक अग्निगोल शुक्राच्या कितीतरी पट तेजाने फुटला आणि उशाशी ठेवलेल्या थर्मासची सावली क्षणभर कातळावर उमटली. ज्यांच्या शेतातून आम्ही वर आलो होतो ते काका ताडकन उठले. "त्या डोंगरामागंच पडला बघा, गाडी काढा!" मी म्हटले, "काका, तो पार समुद्रावर असणार." उल्का साधारण ८० ते १२० किलोमीटर उंचीवर पेटतात, आणि ९० किलोमीटर उंचीवरची उल्का इतकी खाली दिसली, तर ती आपल्यापासून अडीचशे किलोमीटरहून दूर असते. काका तरीही बराच वेळ डोंगराकडे पाहत उभे होते.

आमचा एक सोबती त्या रात्री घरी यागी अँटेना, म्हणजे एका दिशेचे संकेत पकडणारी दांड्यांची अँटेना, लावून रेडिओवर उल्कांवरून परतणाऱ्या लहरी, म्हणजेच त्यांचे प्रतिध्वनी, ऐकत बसला होता. त्याच्या वहीत दोनच्या आगेमागे तीन लांब प्रतिध्वनी सेकंदासह नोंदलेले होते, आणि आमच्या वहीत फक्त "दोनच्या सुमारास". त्या तिन्हींपैकी आमच्या अग्निगोलाचा कोणता, की एकही नाही, हे आता कधीच कळणार नाही, आणि ही रुखरुख माझ्या मनातून जात नाही.

रेडिओची ही वाट आपल्याला परकी नाही. ऑल इंडिया रेडिओतील चमनलाल आणि वेंकटरामन यांनी दिल्लीत लघुलहरींवर ऐकू येणाऱ्या शिट्ट्या उल्कांमुळे उमटतात, असे १९४१ सालीच मांडले होते. शाळेत हे कोणी सांगत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

संयोजकांनी वेळ संपत आल्याची खूण केली आहे, तेव्हा मुख्य मुद्दा थोडक्यात सांगतो. उल्केच्या वाटेवरची हवा आयनीभूत, म्हणजे विद्युतभारित, होते आणि क्षितिजापलीकडच्या, हजारेक किलोमीटरवरच्या एफएम केंद्राच्या लहरी त्या रेषेवरून परावर्तित होऊन आपल्यापर्यंत पोहोचतात. मंद उल्केचा प्रतिध्वनी सेकंदाच्या अंशापुरता टिकतो, तेजस्वी उल्केचा कित्येक सेकंद रेंगाळतो. मात्र ती रेषा आरशासारखी योग्य कोनात असावी लागते, त्यामुळे दिसलेली उल्का ऐकू न येणे ही यंत्रातली चूक नव्हे. उलट दिवसा किंवा ढगांआडून ऐकू आलेली उल्का कोणालाच दिसत नाही. ऑगस्टमधला ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव आपल्याकडे श्रावणाच्या ढगांत बुडतो, तेव्हा तर रेडिओवाचून गत्यंतरच नाही. संख्या रेडिओने मोजावी, तेज, रंग आणि दिशा डोळ्यांनी टिपावी, आणि या दोन्ही नोंदी एकमेकींशी जुळतात त्या केवळ वेळेमुळे. म्हणून येत्या १३ डिसेंबरला पठारावर जाणाऱ्यांनी रेडिओवाल्याच्या घड्याळाशी आपले घड्याळ सेकंदापर्यंत लावून घ्यावे आणि मगच घोंगडी अंथरावी.