मिसळून गेलेला मुलगा

श्रोतेहो, नमस्कार.

६ जुलै २००५ची संध्याकाळ. इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या एका मैदानावर शहझाद तन्वीर नावाचा २२ वर्षांचा तरुण उशिरापर्यंत क्रिकेट खेळत होता. त्याच्या वागण्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो दोन साथीदारांबरोबर भाड्याच्या गाडीतून निघाला. वाटेत पेट्रोल भरायला थांबले, तेव्हा त्यानं खायला काहीबाही घेतलं आणि परत मिळालेल्या सुट्ट्या पैशांवरून काउंटरवर हुज्जत घातली.

चार तासांनी त्यानं लंडनच्या भुयारी रेल्वेत स्वतःसकट स्फोट घडवला. त्या दिवशीच्या चार स्फोटांत ५२ निरपराध माणसं गेली. पण मी दर वेळी अडखळतो तो त्या सुट्ट्या पैशांपाशी. मरायला निघालेला माणूस चार सुट्ट्या पैशांसाठी भांडतो, म्हणजे नेमकं काय चाललेलं असतं त्याच्या डोक्यात?

हल्ला करणाऱ्या चौघांपैकी तिघांचा जन्म ब्रिटनमधलाच. म्होरक्या मोहम्मद सिद्दीक खान प्राथमिक शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना हात देण्याचं काम करायचा. त्याची चित्रफीत नंतर बाहेर आली. तीत तो ब्रिटिशांना धमकावतो आहे, तेही चांगल्या यॉर्कशायरी ठसक्याच्या इंग्रजीत.

असं काही घडलं की दोन उत्तरं तयारच असतात. पहिलं गरिबीचं. ते फार टिकत नाही. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यातल्या विमान अपहरणकर्त्यांचा म्होरक्या मोहम्मद अट्टा जर्मनीत नगररचनेचं उच्च शिक्षण घेतलेला होता. १९७० साली पश्चिम जर्मनीत उभी राहिलेली रेड आर्मी फॅक्शन ही डावी दहशतवादी संघटना तर सुखवस्तू घरांतल्या मुलामुलींनी भरलेली होती. पोटाची भूक माणसाला चोरी करायला लावेल, दंगलीत ओढेल. अनोळखी प्रवाशांच्या डब्यात बॉम्ब ठेवायला वेगळी भूक लागते.

दुसरं उत्तर सांस्कृतिक. ही माणसं आपल्यात मिसळत नाहीत, आपली भाषा, आपले रीतिरिवाज घेत नाहीत, म्हणून हे घडतं. त्यांना एकजीव करून घ्या, प्रश्न सुटेल. हे उत्तर मलाही एके काळी पटायचं. आता ते मला अर्धंच खरं वाटतं, आणि उरलेलं अर्धं चांगलंच धोक्याचं.

श्रीलंका घ्या. १९५६ साली तिथं सिंहली ही एकमेव राजभाषा करणारा कायदा झाला. सरकारी नोकरीतल्या तमिळ माणसाला भाकरी टिकवायची तर सिंहली शिकणं भाग पडलं. सत्तरच्या दशकात विद्यापीठ प्रवेशाचे नियम बदलले आणि तमिळ विद्यार्थ्याला त्याच जागेसाठी जास्त गुण लागू लागले. १९८१ साली जाफनाचं ग्रंथालय जाळलं गेलं. हजारो पुस्तकं आणि जुनी हस्तलिखितं राख झाली. मिसळा, असं वरून सांगितलं जात होतं, आणि मिसळायला गेलेल्याच्या तोंडावर दार लावलं जात होतं. त्या दाराबाहेर प्रभाकरनच्या लिट्टे या सशस्त्र संघटनेला पोरं मिळत गेली.

आणि त्या पोरांनी पुढं काय केलं, तेही सांगायलाच हवं. १९८९ साली लिट्टेनं कोलंबोत अमृतलिंगम यांना गोळ्या घातल्या. ते तमिळांचेच नेते, संसदेच्या मार्गानं हक्क मागणारे. अन्याय खरा होता म्हणून बंदूकवाला त्या समाजाचा कैवारी ठरत नाही. बहुतेक वेळा तो आधी घरातलाच दुसरा आवाज बंद करतो.

पाळंमुळं शोधणाऱ्यांची आणखी एका ठिकाणी फसगत होते. स्पेनमध्ये फ्रँकोच्या हुकूमशाहीत बास्क भाषेची गळचेपी झाली आणि १९५९ साली ‘एटा’ ही बास्क फुटीरांची संघटना जन्मली. फ्रँको १९७५ साली गेला. लोकशाही आली, १९७९ साली बास्क प्रदेशाला स्वायत्तता मिळाली, भाषा शाळेत परतली. मग हिंसा ओसरायला हवी होती, नाही का? एटानं सर्वाधिक बळी घेतले ते १९८० साली. संघटना विसर्जित व्हायला २०१८ उजाडलं. मूळ वाळलं तरी बांडगूळ जगतं. एकदा टोळी उभी राहिली की तिला स्वतःचे हुतात्मे असतात, उरलेले हिशेब असतात, तुरुंगातले सोबती असतात. तिला मूळ तक्रारीची फारशी गरज उरत नाही.

आता बोस्टनचे ते दोन भाऊ. २०१३च्या एप्रिलमध्ये मॅरेथॉनच्या अंतिम रेषेजवळ त्यांनी प्रेशर कुकरचे बॉम्ब ठेवले. थोरला तामेरलान त्सारनायेव मुष्टियोद्धा. एका छायाचित्रकाराला तो म्हणाला होता, माझा एकही अमेरिकन मित्र नाही, मला ही माणसं कळतच नाहीत. गंमत म्हणजे त्याची बायको जन्मानं अमेरिकन. धाकटा झोखर मात्र शाळेच्या कुस्ती संघाचा कर्णधार, मित्रांच्या गोतावळ्यातला, शिष्यवृत्ती मिळवलेला. त्याला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं ती तारीख होती ११ सप्टेंबर २०१२. पुढच्या सात महिन्यांत तो बॉम्ब पाठीवर घेऊन रस्त्यावर उभा होता. एकाच घरात एक मिसळला, एक नाही, आणि दोघं एकाच ठिकाणी पोचले.

फ्रेंच अभ्यासक ऑलिव्हिए रुआ यांनी युरोपातल्या अशा हल्लेखोरांचा माग काढला. त्यांना आढळलं की यांत स्थलांतरितांची दुसरी पिढी फार, सख्खे भाऊही पुष्कळ. पुष्कळांचा भूतकाळ मशिदीतला नव्हताच. दारू, नाच-गाणी, भुरट्या चोऱ्या, तुरुंग, असा होता. आईबापांची भाषा सुटलेली, त्यांचे पीर-दर्गे, त्यांची श्रद्धेची जुनी वहिवाट सुटलेली. पडद्यावर पाहून धर्म उचललेला, आणि बापाला नमाज नीट येत नाही म्हणून त्यालाच शिकवायला निघालेले. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. संस्कृती उराशी कवटाळून बसलेली ही मुलं नव्हती. ती त्यांच्या हातून निसटलीच होती आणि दुसरी पुरती हाती लागली नव्हती. अशा मुलाला कुणी सांगितलं, तू नगण्य नाहीस, तू एका मोठ्या युद्धातला शिपाई आहेस, तर ते सांगणारा त्याला सख्ख्यापेक्षा जवळचा होतो.

फ्रान्सनं १९०५पासून धर्म सरकारी व्यवहाराबाहेर ठेवला, २००४ साली शाळेत डोक्यावरचा रुमालही बंद केला. ब्रिटननं उलट केलं, ज्याला जसं राहायचं तसं राहू दिलं. स्फोट दोन्हीकडे झाले. २०११च्या फेब्रुवारीत ब्रिटनचे पंतप्रधान कॅमेरून म्युनिकमध्ये म्हणाले की, सरकारी बहुसंस्कृतिवाद फसला. त्याच वर्षी जुलैत नॉर्वेत अँडर्स ब्रेइविकनं ७७ जणांचा जीव घेतला. अस्सल नॉर्वेजियन, गोरा, त्याच भाषेत वाढलेला. त्याला कुठल्या संस्कृतीत मिसळवायचं राहिलं होतं?

डेन्मार्कमधल्या ऑरहुस शहरात पोलिसांनी २०१३च्या सुमारास एक वेगळी वाट धरली. सीरियाच्या युद्धातून परतलेल्या तरुणांपैकी ज्यांच्यावर गुन्हा सिद्ध होत होता, त्यांना कोर्ट होतंच. बाकीच्यांना शिक्षण, नोकरी शोधायला मदत, आणि एक मार्गदर्शक, जो नियमितपणे भेटतो. तो देवाधर्मावरून वाद घालत नाही, श्रद्धा सोड म्हणत नाही. परीक्षेचं काय झालं, घरी कोण बोलतं, कोण बोलत नाही, एवढंच विचारत राहतो. ‘दहशतवाद्यांना मिठ्या मारता काय’ म्हणून या लोकांची टिंगल झाली. होणारच. ज्याचा माणूस गेला, त्याला हे सांगून पाहा, म्हणजे ती टिंगल का होते ते कळेल.

तरीही मी त्या मार्गदर्शकाच्या बाजूनं आहे. तन्वीर सुट्ट्या पैशांसाठी भांडत होता, त्या घटकेला त्याला अडवायला फार उशीर झाला होता. त्याच्या कितीतरी आधी, खेळ संपल्यावर तो कुणाबरोबर उठून जातो, हे विचारणारं कुणीतरी त्या मैदानाच्या कडेला हवं होतं.

नमस्कार.