‘इंद्र जिमि जंभ पर’ नीट ऐकलंय का?

नमस्कार मंडळी! शिवजयंतीला ‘इंद्र जिमि जंभ पर’ कानावर पडलं नाही, असं गाव महाराष्ट्रात सापडणं कठीण. अंगावर काटा येतो, छाती फुगते. पण कवी भूषणाने हा छंद ज्या ‘शिवराजभूषण’ ग्रंथात घातला, ते काव्यातल्या अलंकारांचं पुस्तक आहे. आधी दोह्यात अलंकाराचं लक्षण, मग त्याचं उदाहरण. असं एकामागून एक, आणि उदाहरणांचे नायक शिवाजी महाराज!

भूषण यमुनाकाठच्या तिकवांपूरचा, म्हणजे आजच्या कानपूरच्या बाजूचा. भाषा ब्रज, म्हणजे मथुरेकडची जुनी हिंदी बोली. त्या काळी ब्रज कवी असे लक्षणग्रंथ लिहीतच होते. परंपरेने त्याचा भाऊ मानला जाणारा मतिराम, त्याने बुंदीच्या राजासाठी ‘ललितललाम’ रचला. पण बहुतेकांची उदाहरणं राधाकृष्णाची, नायक-नायिकांची, शृंगाराची. भूषणाने तिथे वीररस भरला. मला त्याचं हे धाडस फार मोठं वाटतं.

आता छंद बघू. अलंकार आहे मालोपमा, म्हणजे एकाच गोष्टीला उपमांची अख्खी माळ.

‘इंद्र जिमि जंभ पर, बाडव सुअंभ पर, रावन सदंभ पर रघुकुलराज है।’

जंभासुरावर इंद्र, समुद्राच्या पाण्यावर वडवानल (समुद्रातला अग्नी), गर्विष्ठ रावणावर राम. एका ओळीत तीन उपमा. पुढे ढगांवर वारा, मदनावर शंकर, सहस्रार्जुनावर परशुराम. मग झाडांवर वणवा, हरणांच्या कळपावर चित्ता, हत्तीवर सिंह. शेवटी अंधारावर तेज, कंसावर कृष्ण. झाल्या अकरा. आणि महाराजांचं नाव? अजून आलेलंच नाही! ते येतं अगदी शेवटच्या तुकड्यात, ‘सेर सिवराज है’. अकरा उपमांचा सगळा जोर त्या एका नावावर येऊन पडतो.

आता बोटांवर मोजा. इंद्र-जिमि-जंभ-पर, आठ अक्षरं. बाडव-सुअंभ-पर, आठ. रावन-सदंभ-पर, पुन्हा आठ. रघुकुलराज है, सात! एकूण ३१. याला मनहरण कवित्त म्हणतात. तीनदा आठ-आठ धावून शेवटी एक अक्षर कमी पडतं आणि ओळ खटकन थांबते. म्हणणारा श्वास घेतो तो तिथेच, आणि गर्दी गर्जना करते तीही तिथेच. शाळेत उपमा शिकवताना ‘मुख चंद्रासारखे’च्या जोडीला हा छंद फळ्यावर लिहायलाच हवा.

ग्रंथ पुरा झाल्याचं साल भूषण देतो संवत १७३०, म्हणजे इसवी सन १६७३. रायगडावर राज्याभिषेक झाला ६ जून १६७४ ला. छत्र अजून डोक्यावर धरलेलं नव्हतं, तेव्हाच यमुनेकाठचा हा कवी ब्रज भाषेत त्यांना ‘शिवराज’ म्हणत होता.