पेपरात न दिसणारा उमेदवार

मंडळी, निवडणूक जवळ आली की लोक मला हमखास विचारतात, "अमुक पेपर कुणाचा हो?" विचारणाऱ्याला उत्तर माहीत असतं, फक्त माझ्या तोंडून ऐकायचं असतं. आपला वाचक याबाबतीत कधीच भोळा नव्हता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अत्र्यांचा 'मराठा' कुणाच्या बाजूने आहे, हे काय कुणाला विचारावं लागत होतं? अंक घेणारा ते जाणूनच घ्यायचा आणि रुपयातले चार आणे वजा करून वाचायचा. अशा उघड पक्षपाताची मला फारशी भीती वाटत नाही.

भीती वाटते ती बातमीचं सोंग घेतलेल्या जाहिरातीची, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या 'पेड न्यूज'ची. तिथे वाचक चार आणे वजा करत नाही.

२००९ची विधानसभा आठवा. १३ ऑक्टोबरला मतदान झालं. तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून उभे होते. त्या दिवसांतले अंक पत्रकार पी. साईनाथ यांनी नंतर धुंडाळले, तेव्हा चव्हाणांवरची ४७ पूर्ण पानं त्यांच्या हाती लागली. गंमत म्हणजे एक स्तुतिपर लेख एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पेपरांत जसाच्या तसा आला होता. अहो, परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहिणारा पोरगासुद्धा दोन शब्द इकडचे तिकडे करतो! आणि निवडणूक खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रांतल्या जाहिरातींवर दाखवलेली रक्कम होती ५,३७९ रुपये. जाहिरात विभागात काम केलेलं कुणी इथे बसलं असेल तर ते आत्ता हसत असेल.

पैसे दिलेच नाहीत, हे चव्हाणांचं म्हणणं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. हिशेब खरा की खोटा हे निवडणूक आयोग तपासू शकतो, असं न्यायालयाने २०१४मध्ये सांगितलं. आयोगाने नोटीस काढली आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. त्यामुळे काही सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. उत्तर प्रदेशात बिसौलीच्या आमदार उमलेश यादव मात्र २०११मध्ये अशाच प्रकरणात तीन वर्षांसाठी अपात्र ठरल्या. मेख अशी की पेड न्यूज हा आपल्या निवडणूक कायद्यात स्वतंत्र गुन्हाच नाही. पकडायचं ते खर्चाच्या वहीतून. तो गुन्हा ठरवा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५मध्ये केली आहे.

प्रेस कौन्सिलने या विषयावर दोन सदस्यांची समिती नेमली होती. तिने ७१ पानी अहवाल दिला, त्यात पेपरांची नावं होती. कौन्सिलने आधी प्रसिद्ध केला तो नावं गाळलेला छोटा अहवाल. मूळ अहवाल बाहेर यायला २०११ उजाडलं, तेही माहिती अधिकारामुळे.

आता हे घडतं कसं, ते सांगतो. मी जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होतो. तालुक्याच्या वार्ताहराला मानधन नावापुरतं, खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनची. म्हणजे ज्याच्याविरुद्ध बातमी लिहायची, त्याच्याच दारात दिवाळी अंकाच्या जाहिरातीसाठी जायचं. निवडणुकीत याचं 'पॅकेज' होतं: अर्ज भरला, पदयात्रा निघाली, सभा झाली, शेवटी एक मुलाखत. पॅकेज घेतलेल्याची सभा नेहमी 'विराट'. न घेतलेल्याची सभाच होत नाही. त्याच्याविरुद्ध एक वाईट शब्द लिहिलेला नसतो, म्हणून तक्रार तरी कशाची करायची?

एका निवडणुकीत आमच्या भागात एक निवृत्त शिक्षक अपक्ष उभे होते. सायकलवर फिरायचे, पत्रकं स्वतः वाटायचे. प्रसिद्धिपत्रक घेऊन ते तीनदा कार्यालयात आले, मीच ते घेतलं. वरून निरोप आला, जागा नाही. मी ते खणात टाकलं. मतदानाच्या दोन दिवस आधी गावी गेलो, तर काकांनी विचारलं, "काय रे, त्या गुरुजींनी माघार घेतली ना?" म्हटलं, नाही, उभे आहेत. काका म्हणाले, "मग पेपरात कसे नाहीत?"

काका रोज माझाच पेपर वाचत.