गाळ खाली, चरबी वर

(दृश्य: जुलै महिना. जॅकवेलला (नदीतून पाणी उचलायच्या विहिरीला) लागून वाहणारं तांबडं पाणी.)

पावसाने जोर धरला की कोकणातल्या नद्या जांभ्याची माती घेऊनच खाली येतात. हंड्यात तुरटी फिरवून असं पाणी निवळायची रीत घरोघरी होती. नळयोजनेलाही तेच करायचं असतं, फक्त लाखो लिटर पाण्याचं, आणि तेही घाईत.

०.०१ मिलिमीटरचा गाळाचा कण मीटरभर खाली जायला अडीच-तीन तास घेतो. चिकणमातीचा ०.००१ मिलिमीटरचा कण दहा-बारा दिवस, आणि तेही पाणी हललं नाही तर! शिवाय या कणांवर ऋणभार असतो, म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत. तुरटी तो भार घालवते, कणांचे गुठळे होतात आणि गुठळे झपाट्याने बसतात.

(दृश्य: क्लॅरिफ्लॉक्युलेटरची, म्हणजे गुठळे करून गाळ बसवायची गोल टाकी, वरून.)

मधल्या भागात पाती संथ फिरतायत. वेग वाढला तर जमलेले गुठळे फुटणार. बाहेरच्या भागात गाळ तळाशी बसतो आणि वरचं पाणी दातेरी कडेवरून पन्हाळीत पडतं. ही कड जरा कलली, की एकाच बाजूने पाणी धावतं आणि गुठळेही सोबत नेतं. टाकी किती भारी आहे ते नंतर बघा, आधी ही कड बघा.

टाकी खोल केली तर गाळ जास्त बसेल, असं वाटतं. तसं होत नाही. अॅलन हेझन या अमेरिकन अभियंत्याने १९०४ मध्येच दाखवून दिलं, की महत्त्व खोलीला नाही, पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाला आहे. आता डोंगरउतारावर सपाट जागा आणायची कुठून? त्यावर तोड म्हणजे ट्यूब सेटलर: साधारण ६० अंशांत तिरक्या बसवलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांचा जुडगा. कणाला काही सेंटिमीटरच उतरायचं असतं. नळीच्या अंगाला टेकला, की घसरून तळाशी.

(दृश्य: रत्नागिरी, मिरजोळे एमआयडीसी. मासळी धुण्याचं पाणी.)

इथे अडचण उलटी. मासळीची चरबी खाली बसतच नाही. मग तिला वर काढायचं. थोड्या पाण्यात दाबाखाली हवा विरघळवतात आणि ते टाकीत सोडतात. दाब सुटताच पाणी दुधाळ होतं. ते अतिसूक्ष्म बुडबुडे चरबीला चिकटून तिला वर आणतात. वरची साय खरवडून काढायची. वास मात्र कॅमेऱ्यात येत नाही, हे तुमचं नशीब.

पाणी वेगळं झालं, पण गाळाचं काय? तो अजून पातळच, शंभर भागांत घन जेमतेम दोन-तीन. वाळवणाचे वाफे उन्हाळ्यात छान चालतात. जून ते सप्टेंबर त्यात गाळ वाळत नाही, उलट पाणी वाढतं. म्हणून डिकँटर सेंट्रिफ्यूज: आडवं पिंप गरगरा फिरतं, घन भाग भिंतीवर दाबला जातो आणि आतला स्क्रू तो ढकलत बाहेर काढतो. वीज खातो, पण पावसाळ्यात दुसरं करणार काय? बाहेर पडलेला लगदा ट्रॉलीत भरतात. निथळलेलं पाणी अजून गढूळच असतं, ते पुन्हा पहिल्या टाकीत सोडतात.