वेण्णाकाठची पहाट

(पहाट. जेटीच्या फळ्या, अगदी जवळून.)

जेटीच्या फळ्यांवर रात्रीतून कुणी रांगोळी सांडावी तसं काहीतरी पांढरं पसरलंय. बोट फिरवलं की आधी टोचतं, मग लगेच त्याचं पाणी होतं. महाबळेश्वरात याला हिमकण म्हणतात. जानेवारीतली पहाट आहे आणि आपण वेण्णा लेकच्या काठावर आहोत.

(गाडीच्या टपावरचा पांढरा थर. गवताची पाती.)

हा बर्फ आभाळातून पडलेला नाही, तो इथेच तयार झालाय. रात्री आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडलेला असला की जमीन दिवसभराची ऊब भराभर सोडून देते. ती अडवायला ढगांचं पांघरूण नसतं. गवताचं पातं, गाडीचा पत्रा, जेटीची फळी भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतात. त्यांना टेकलेल्या हवेतली वाफ दव होऊन बसते आणि फळी शून्याला पोचली की ते दव गोठतं. थंड हवा जड असते. डोंगरउतारावरून ती पाण्यासारखीच खाली वाहत येते आणि वेण्णेच्या या खोलगट जागेत साचून राहते. बाजारपेठ इथून जेमतेम दोन किलोमीटरवर, पण चढावर आहे. त्यामुळे तिथे नुसतं गारठलेलं असतं तेव्हा इथे गवत पांढरं झालेलं असतं.

आता पाण्याकडे बघा. तळ्यावरून वाफा निघताहेत. जमिनीने सोडून दिलेली ऊब पाण्याने धरून ठेवली आहे.

(काही क्षण निवेदन नाही. पाखरांचे आवाज. शाल गुंडाळून फिरायला आलेली माणसं.)

गावाला या थंडीने खूप काही दिलंय. सुमारे ४,५०० फूट उंचीवरची ही लाल माती आणि थंड रात्री स्ट्रॉबेरीला मानवल्या. पावसाचा जोर ओसरला की गादीवाफे तयार होतात, त्यांवर प्लॅस्टिकचा कागद पसरतात, खालून ठिबकच्या नळ्या जातात. दिवाळीनंतर फळ लागायला सुरुवात होते ती पार उन्हाळ्यापर्यंत. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण कॅमेऱ्यात इतके देखणे दिसणारे हिमकण फुलावर बसले तर फुलाचं मधलं बोंड काळं पडतं आणि त्या फुलाला फळ धरत नाही. म्हणून अशा पहाटे जेटीवर फोटो काढणारे आणि वाफ्यात वाकून फुलं तपासणारे, दोघेही लवकर उठलेले असतात.

(बांध. दगडी काम. कॅमेरा हळूहळू तळ्याच्या पूर्ण विस्तारावर.)

हे तळं निसर्गाने दिलेलं नाही, ते माणसाने बांधलंय. साताऱ्याच्या गादीवर छत्रपती प्रतापसिंहांनंतर त्यांचे धाकटे बंधू शहाजीराजे, म्हणजे अप्पासाहेब महाराज आले. त्यांच्या काळात, १८४२ साली, वेण्णेचं पाणी अडवून सुमारे २८ एकरांचं हे तळं झालं. होड्या फिरवण्यासाठी नाही. वसत्या गावाला पाणी हवं होतं म्हणून.

ही गोष्ट आम्हाला मुद्दाम सांगायची आहे. पर्यटकाला वेण्णा लेक म्हटलं की होडी आठवते, काठावरचा घोडा आठवतो, गाजरांच्या जुड्या आणि लाल मुळे आठवतात. ते सगळं खरं आहे. कित्येक घरांच्या चुली त्यावर पेटतात. पण हेच पाणी इथल्या नळाला येतं, पाचगणीलाही जातं. वेण्णा लेक हा आधी गावाचा पाणवठा आहे, होड्या त्याच्यावर नंतर आल्या.

(वल्ह्याचा आवाज. होडी कॅमेऱ्यासमोरून जाते.)

वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या गावाला पाण्याची काळजी का करावी लागते? उत्तर पायाखाली आहे. डोंगराच्या माथ्यावर जांभा आहे, लाल आणि सच्छिद्र. पाऊस त्यात मुरतो, खाली उतरतो, चिकट मातीचा थर लागला की अडतो आणि आडवा वाहत कड्याच्या पोटातून झरा होऊन बाहेर पडतो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्या याच डोंगराच्या. जांभ्याला पाणी शोषता येतं, फार काळ साठवता येत नाही. जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उरलेलं वर्ष या झऱ्यांच्या मंद गळतीवर काढायचं असतं. तळ्याच्या वरच्या अंगाला जितकी माती मोकळी, झाडीखाली राहील, तितकं पाणी मुरेल. तिथे फरशी आली, पार्किंग आलं, की तोच पाऊस गाळ घेऊन थेट तळ्यात उतरतो. २००१ साली केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. तळ्याला पाणी देणारा हा सगळा उतार मोकळा ठेवला तर पाणी आणि थंडी, दोन्ही टिकतील, असं आम्हाला मनापासून वाटतं.

(मे अखेर. घरांच्या भिंती.)

आता गाव पावसाच्या तयारीला लागतं. भिंतींना बाहेरून गवताच्या झडी बांधतात, कारण इथला पाऊस वरून कमी आणि समोरून जास्त येतो. या झडीआड भिंत कोरडी राहते, घरात ऊब राहते. हल्ली पत्रे आणि प्लॅस्टिकही दिसतं. पण जिथे अजून गवत आहे, ती घरं लांबून झाडांसारखीच वाटतात.

(पाऊस. होड्या काठावर ओढून ठेवलेल्या. जेटी ओळखू येत नाही.)

२२ जुलै २०२१ या दिवसाच्या नोंदीत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. दरडी कोसळल्या, पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाट बंद पडला.

(सांडव्यावरून पडणारं पाणी. बराच वेळ फक्त त्याचा आवाज.)

तळं भरलं की पाणी सांडव्यावरून पुढे निघतं. थोड्याच अंतरावर लिंगमळ्याला ते कड्यावरून उडी घेतं, मग कण्हेरच्या धरणात विसावतं आणि साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेत शिरतं. कृष्णाही याच डोंगरावरून, क्षेत्र महाबळेश्वराहून निघालेली, पण ती वाईच्या बाजूने खाली आलेली असते.

(माहुलीचा घाट. दोन पाण्यांची सीमारेषा. पडदा हळूहळू काळोखात.)