आठ नंबरचा डॉक्टर

(दृश्य: साओ पाउलो, 1984. पिवळे झेंडे, पिवळ्या पट्ट्या, नजर पोचेल तिथपर्यंत माणसं.)

16 एप्रिल 1984. साओ पाउलो शहराच्या मधोमध आन्यांगाबाऊ नावाचा सखल भाग आहे. त्या दिवशी तिथे मुंगी शिरायला जागा नव्हती. दहा लाखांहून जास्त लोक जमले होते आणि त्यांची मागणी एकच होती. आमचा राष्ट्राध्यक्ष आम्हाला निवडू द्या. ब्राझिलमध्ये लष्करानं सत्ता घेतली त्याला वीस वर्षं झाली होती. राष्ट्राध्यक्षासाठी थेट मतदान शेवटचं झालं ते 1960 साली.

सभेचं सूत्रसंचालन करत होते ओस्मार सांतोस. हे गृहस्थ राजकारणातले नव्हते. रेडिओवर फुटबॉलचं धावतं वर्णन करणारा त्यांचा आवाज घराघरात ओळखीचा होता. आणि मंचावर उभा होता सहा फुटांहून उंच, किडकिडीत, दाढीवाला एक माणूस. ब्राझिलच्या राष्ट्रीय संघाचा कर्णधार.

इटलीहून त्याला मोठं बोलावणं आलं होतं. पैसा होता, युरोपातलं नाव होतं. त्यानं लाखोंच्या समोर जाहीर केलं, की थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती संसदेत मंजूर झाली तर मी देश सोडणार नाही.

नऊ दिवसांनी मतदान होतं.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. बेलेम बंदर. पुस्तकांनी भरलेलं कपाट.)

त्याचं नाव सॉक्रेटिस. ते टोपणनाव नाही, खरंच पाळण्यातलं नाव. जन्म 19 फेब्रुवारी 1954, ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलेम शहरात. वडील रायमुंदो गरिबीतून, स्वतःच्या हिमतीवर शिकून पुढे आलेले. वाचनाचं त्यांना वेड होतं. ग्रीक तत्त्वज्ञ आणि नाटककार वाचता वाचता त्यांनी मुलांची नावं ठेवली सॉक्रेटिस, सॉस्थेनिस, सोफोक्लिस. धाकट्याचं नाव मात्र साधं, राई. हा राईदेखील पुढे ब्राझिलकडून खेळला आणि 1994 मध्ये विश्वविजेत्या संघात होता. एका घरातून असे दोन खेळाडू निघाले!

पुढे हे कुटुंब साओ पाउलो राज्यातल्या रिबेरांव प्रेतो गावी स्थिरावलं. 1964 साली लष्करानं सरकार उलथवलं तेव्हा सॉक्रेटिस दहा वर्षांचा होता. घरात काही पुस्तकं होती ती आता धोक्याची झाली. वडिलांनी ती स्वतःच्या हातानं नष्ट केली. ज्या माणसानं पोटाला चिमटा काढून एकेक पुस्तक जमवलं, तोच ती संपवतोय, हे त्या पोरानं पाहिलं. मोठेपणी त्याला राजकारणाबद्दल विचारलं की तो हाच प्रसंग सांगायचा. मला वाटतं, त्याच्या आयुष्याची गोष्ट फुटबॉलच्या मैदानाऐवजी याच कपाटापासून सुरू करावी.

(दृश्य: वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत. मग गवत, बूट, चेंडू.)

रिबेरांव प्रेतोत साओ पाउलो विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. सॉक्रेटिसनं तिथे प्रवेश मिळवला आणि त्याच गावातल्या बोताफोगो क्लबकडून तो खेळूही लागला. दिवसा वर्ग आणि वॉर्ड, सुट्टीच्या दिवशी सामना. सरावाला तो बऱ्याचदा नसायचाच. क्लबनं ते चालवून घेतलं, कारण सामन्यात त्याच्यावाचून पान हलत नसे. 1976 मध्ये राज्य स्पर्धेत सगळ्यात जास्त गोल त्याचेच होते. मोठे क्लब दारात उभे होते, पण डॉक्टरीची पदवी हातात आल्याशिवाय गाव सोडायचं नाही हे त्यानं ठरवलं होतं. 1977 मध्ये पदवी मिळाली. 1978 मध्ये तो कॉरिंथियन्सकडे गेला. लोक त्याला 'दोतोर' म्हणू लागले, म्हणजे डॉक्टर.

आता त्याचा खेळ बघा. सराव कमी, अंगात ताकद बेताची, उंची भरपूर आणि त्या मानानं पावलं लहान. असा माणूस चेंडू घेऊन गर्रकन वळायला गेला तर समोरचा तो काढून घेणारच. मग त्यानं वळणंच सोडून दिलं. पाठ गोलकडे असताना, मागे न पाहता, टाचेनं पास. आपल्याकडे मुलं टाच मारतात ती मिरवायला. याच्यासाठी ती गरज होती. चेंडू यायच्या आधीच मागे कोण कुठे आहे हे त्यानं पाहून ठेवलेलं असायचं, म्हणून तो पास बिनचूक जायचा.

पेनल्टीचंही तसंच. बाकीचे पाच-सहा पावलं मागे जाऊन पळत येतात. हा चेंडूजवळ उभा राहायचा, एखादं पाऊल टाकायचा आणि मारायचा. गोलकीपरला अंदाज बांधायला वेळच नाही. ही पेनल्टी लक्षात ठेवा, आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

(दृश्य: काळा-पांढरा जर्सी. खेळाडू बाकावर बसलेले, हात वर.)

कॉरिंथियन्स हा 1910 मध्ये साओ पाउलोतल्या कामगारांनी काढलेला क्लब. ब्राझिलमध्ये त्याला जनतेचा संघ म्हणतात. पण क्लबमध्ये जनतेचं काही चालत नव्हतं. वर्षानुवर्षं अध्यक्ष म्हणेल ती पूर्व दिशा. खेळाडूंना तर लहान पोरांसारखं वागवलं जायचं. सामन्याआधी त्यांना एका ठिकाणी कोंडून ठेवायची पद्धत सगळ्या देशात होती. लग्न झालेले, मुलंबाळं असलेले बाप्येसुद्धा त्यातून सुटत नसत.

1981 मध्ये संघाची कामगिरी इतकी ढासळली की पुढच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना खालच्या गटातून सुरुवात करावी लागली. व्यवस्थापन बदललं. फुटबॉलची जबाबदारी आली आदिल्सों मोंतेरो आल्विस यांच्याकडे. शिक्षणानं हे समाजशास्त्रज्ञ. त्यांनी येऊन खेळाडूंना विचारलं, तुमचं म्हणणं काय आहे? हा प्रश्न त्या खोलीत पूर्वी कुणी विचारला नव्हता.

आणि मग मतदान सुरू झालं. सॉक्रेटिस, मूळचा कामगार संघटनेकडे ओढा असलेला बचावपटू व्लादिमिर, विशीही न ओलांडलेला तरुण कासाग्रांदे हे पुढे होते. जेवण किती वाजता? मत घ्या. सराव कधी? मत घ्या. नवा खेळाडू घ्यायचा का? मत घ्या. सामन्याआधीचं कोंडून ठेवणं? तेही मताला टाकलं आणि लग्न झालेल्या खेळाडूंवरची सक्ती गेली. यात मला सगळ्यात जवळचं वाटतं ते हे, की ज्याच्या नावावर स्टेडियम भरायचं त्या सॉक्रेटिसचं मत एक, आणि खेळाडूंचे कपडे सांभाळणाऱ्याचं मतही एकच. मालिश करणाऱ्याचं एक. बसच्या ड्रायव्हरचं एक.

बाहेर देशाला राष्ट्राध्यक्ष निवडायचा हक्क नव्हता आणि आत या खोलीत बुटांना पॉलिश करणारा माणूस हात वर करून ठराव पाडू शकत होता. याला नाव मिळालं 'कॉरिंथियन्सची लोकशाही'. ते गावभर केलं जाहिरात क्षेत्रातल्या वॉशिंग्टन ओलिवेतो यांनी.

सगळ्यांना हे पटलं असं नाही. बरीच वर्तमानपत्रं म्हणत, हा निव्वळ बेशिस्तपणा आहे, पोरांना बियर प्यायला मोकळीक हवी आहे. संघातही नाराज लोक होते. पण कोंडून न ठेवता, कुणी शिट्टी न मारता हा संघ 1982 मध्ये राज्य स्पर्धा जिंकला, 1983 मध्ये परत जिंकला.

नोव्हेंबर 1982 मध्ये राज्यांच्या गव्हर्नरपदांसाठी बऱ्याच वर्षांनी थेट निवडणूक होणार होती. कॉरिंथियन्सचे खेळाडू मैदानात आले आणि त्यांच्या पाठीवर, नंबराच्या वर, अक्षरं होती: '15 तारखेला मतदान करा.' कुणाला मत द्या हे लिहिलेलं नव्हतं.

आणि 1983 चा अंतिम सामना, 14 डिसेंबर, समोर साओ पाउलो क्लब. सामन्याआधी खेळाडू एक लांबलचक कापडी फलक धरून मैदानावर आले. त्यावर लिहिलं होतं, 'जिंकू किंवा हरू, पण लोकशाहीसोबत.' अंतिम फेरीच्या दोन्ही सामन्यांत कॉरिंथियन्सकडून गोल एकाच माणसानं केले. गोल झाल्यावर सॉक्रेटिस नाचायचा नाही, लोळायचा नाही. उजवी मूठ वर करून उभा राहायचा.

(दृश्य: स्पेन, 1982. पिवळ्या जर्सीतला आठ नंबर.)

थोडं मागे जाऊ. 1982 च्या उन्हाळ्यात तो स्पेनमधल्या विश्वचषकात ब्राझिलचा कर्णधार होता. प्रशिक्षक तेले सांताना. मधल्या फळीत सॉक्रेटिस, झिको, फाल्कांव आणि सेरेझो. यातला झिको पुढे 2014 मध्ये प्रशिक्षक म्हणून गोव्यात आला आणि फातोर्ड्याच्या प्रेक्षकांनी त्याला डोळे भरून पाहिलं. या चौघांना एकत्र खेळताना ज्यांनी पाहिलं ते लोक आजही त्या संघाचं नाव निघालं की हळवे होतात.

पहिला सामना सोव्हिएत संघाशी. ब्राझिल एका गोलनं मागे, पाऊण तास कधीच उलटून गेलेला. सॉक्रेटिसकडे चेंडू आला गोलपासून लांब. मारतो असं दाखवलं, एक जण फसला. परत दाखवलं, दुसरा फसला. तिसऱ्यांदा खरंच मारला आणि चेंडू वरच्या कोपऱ्यात. शेवटी एदेरनं दुसरा गोल केला. मग स्कॉटलंड, न्यूझीलंड, अर्जेंटिना, सगळे हरले.

5 जुलै, बार्सिलोना, सारिया स्टेडियम, समोर इटली. ब्राझिलला बरोबरीही पुरणार होती. पाचव्या मिनिटाला पाओलो रॉसीनं गोल केला. स्पर्धेत तोवर त्याला एकही गोल करता आला नव्हता. बाराव्या मिनिटाला झिकोनं एक गिरकी घेऊन अंगाला चिकटलेल्या इटलीच्या जेन्तिलेला चुकवलं आणि चेंडू उजवीकडे पुढे सरकवला. तिथे सॉक्रेटिस धावत येत होता. कोन इतका अरुंद की बहुतेकांनी मध्ये पास दिला असता. त्यानं गोलकीपर झोफ आणि जवळचा खांब यांच्यामधल्या फटीतून चेंडू घातला. चित्रफीत हळू करून बघा. चेंडू गोलरेषेवरून जातो आणि तिथली पांढरी फक्की भुर्रकन वर उडते.

(दृश्य: उडालेली फक्की, क्षणभर थांबलेली.)

रॉसीनं दुसरा केला. फाल्कांवनं परत बरोबरी केली, 68 व्या मिनिटाला. आता चेंडू मागे ठेवून वेळ काढायचा, एवढंच करायचं होतं. ब्राझिल पुढेच जात राहिला. 74 व्या मिनिटाला रॉसीचा तिसरा. 3-2. संपलं.

तेव्हापासून लोक वाद घालतात की त्या दिवशी बचाव करायला हवा होता. माझं मत विचाराल तर, तसं खेळले असते तर तो संघ कुणाच्या लक्षातही राहिला नसता. पण हे म्हणणं सोपं आहे. त्या संध्याकाळी कर्णधाराचा पट्टा आपल्या हातावर नव्हता.

(दृश्य: ब्राझिलियातलं संसद भवन. रात्र.)

25 एप्रिल 1984 ची रात्र. घटनादुरुस्तीला 320 मतं हवी होती. बाजूनं पडली 298. विरोधात फक्त 65. शंभरावर खासदार सभागृहात फिरकलेच नाहीत. 22 मतं कमी पडली.

सॉक्रेटिस शब्दाला जागला आणि इटलीला गेला.

फिओरेंतिना क्लबमध्ये तो एकच हंगाम टिकला. थंडी, धावण्याचा काटेकोर सराव आणि खेळाडूंनी फक्त ऐकायचं अशी रीत. ज्यानं जेवणाच्या वेळेवर मत मागायची सवय लावून घेतली होती, त्याचं तिथे रमणं अवघडच. 1985 मध्ये तो परतला. फ्लामेंगो, सांतोस आणि शेवटी पुन्हा गावचा बोताफोगो.

1986 चा विश्वचषक मेक्सिकोत झाला. आदल्या वर्षीच्या भूकंपात तिथे हजारो माणसं गेली होती. सॉक्रेटिस कपाळाला पांढरी पट्टी बांधून उतरला. तिच्यावर हातानं लिहिलं होतं, 'मेक्सिको अजून उभा आहे.' पुढच्या सामन्यांत पट्ट्या बदलत गेल्या, न्यायाबद्दल, शांततेबद्दल. जगभरचे कॅमेरे खेळाडूच्या चेहऱ्यावर येतात हे त्यानं ओळखलं होतं आणि त्या जागेचा वापर केला.

21 जूनला ग्वादालाहारात उपांत्यपूर्व फेरी, फ्रान्सशी. 1-1. सामना पेनल्टींवर गेला. ब्राझिलकडून पहिला तो आला. तसाच उभा राहिला, तेच एखादं पाऊल. फ्रान्सच्या बात्सनं हात वर नेला आणि चेंडू अडवला. ब्राझिल हरला आणि विश्वचषकातला त्याचा तो शेवटचा सामना ठरला.

राष्ट्रीय संघाकडून 60 सामने, 22 गोल. विश्वचषक एकही नाही.

(दृश्य: रिबेरांव प्रेतो. दवाखान्याची पाटी. वर्तमानपत्राचं पान.)

1989 मध्ये तो थांबला. त्याच वर्षी ब्राझिलनं राष्ट्राध्यक्ष थेट मतानं निवडला. त्यानं डॉक्टरी केली, स्तंभ लिहिले, फुटबॉल चालवणाऱ्यांवर तिखट टीका केली. 2004 मध्ये, पन्नाशीत, इंग्लंडमधल्या गारफोर्थ टाउन या छोट्या क्लबसाठी भर थंडीत तो काही मिनिटं बदली खेळाडू म्हणून उतरला.

दारू मात्र सुटली नाही. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही आणि त्यानंही शेवटी ते झाकलं नाही. यकृत निकामी होत गेलं. शरीरात काय चाललंय हे त्याला इतर कुणाहीपेक्षा नीट कळत होतं. डॉक्टर होता तो. 2011 मध्ये पोटातल्या रक्तस्रावामुळे एका पाठोपाठ दोनदा रुग्णालयात दाखल झाला. तिसऱ्या वेळी संसर्ग रक्तात पसरला. 4 डिसेंबर 2011, रविवारी पहाटे तो गेला. वय 57.

त्याच रविवारी संध्याकाळी पाकाएम्बू स्टेडियममध्ये कॉरिंथियन्सचा हंगामातला शेवटचा सामना होता. एक गुण मिळाला की राष्ट्रीय विजेतेपद त्यांचं. समोर जुने वैरी पाल्मेरास.

(दृश्य: मैदानाचं मधलं वर्तुळ. कॅमेरा वरून हळूहळू खाली.)

सामन्याआधी कॉरिंथियन्सचे खेळाडू मधल्या वर्तुळाच्या रेषेवर ओळीनं उभे राहिले. त्यातले बरेच जण आन्यांगाबाऊच्या सभेच्या वेळी जन्मलेही नव्हते. सगळ्यांनी उजवा हात वर नेला आणि मूठ आवळली. मग सज्ज्यात बसलेला एक उठला, दुसरा उठला, आणि हजारो मुठी वर झाल्या.

सामना 0-0 असा सुटला. विजेतेपदाला तेवढं पुरेसं होतं.